हात मिनोबेसानचा, चेहरा समितीचा

इबुसुकी गोड घेऊन आला की आमच्या स्टुडिओत आधी डबा उचलून बघतात. डबा हलका असला तर आत बिस्किटं, म्हणजे तारीख थोडी मागे-पुढे झालीय. मध्यम असला तर कुणीतरी वरचा चिडलाय. त्या दिवशीचा डबा मी घेतला आणि माझे दोन्ही हात खाली गेले. आत योकान होतं, घोटलेल्या चवळीच्या घट्ट गोड विटा, सगळ्यात महागाच्या. मी मनात म्हटलं, झालं, गेलं आपलं.

इबुसुकी म्हणजे टीव्ही कंपनीचा निर्माता. माणूस वाईट नाही, हेच वाईट. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. आमचा अ‍ॅनिमेशनचा स्टुडिओ इगुसात, सायकलच्या दुकानावर तीन मजले. मी तिथे वीसेक वर्षं निर्मिती सांभाळते. म्हणजे चित्रं काढणाऱ्यांच्या मागे लागायचं आणि मागणाऱ्यांच्या पुढे वाकायचं. केस त्यातच पांढरे झाले.

मालक खाली आले. तोकुमारूसान त्यांचं नाव, पण आम्ही मालकच म्हणतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसली ही मालकी. इबुसुकी उठून कमरेत वाकला आणि मयताला आल्यासारख्या आवाजात म्हणाला, "आपल्या मालिकेचा दुसरा सीझन नक्की झाला, तोकुमारूसान."

"अरे वा, अभिनंदन," मालक म्हणाले.

"तो... दुसरीकडे होणार आहे."

मालकांनी कप उचलला, न पिताच खाली ठेवला. "हो का. तुम्ही स्वतः सांगायला आलात, आभारी आहे."

आभारी! मला राहवलं नाही. "मग पहिलं बाळंतपण आमच्याकडे कशाला केलंत, इबुसुकीसान? तेव्हाच तिकडे न्यायचं होतंत!"

"इसोगाई, चहा ठेव," मालक म्हणाले. ही त्यांची मला गप्प करायची पद्धत. चहा समोर होताच.

आमच्या धंद्यात एका मालिकेला सात बाप असतात आणि कळा सोसणारी भलतीच असते. टीव्हीवाले, खेळणीवाले, गाणीवाले, पुस्तकवाले, परदेशात विकणारे, अशा सात कंपन्यांची समिती बसते. त्या पैसे घालतात आणि हक्क वाटून घेतात. आम्हाला काढायचे ठरलेले पैसे मिळतात. वर खर्च झाला तर आमचा, वर नफा झाला तर त्यांचा. आमची मालिका चालली, नुसती चालली नाही तर धावली. तिच्यातली तोवा, समुद्रात होडी चालवणारी पोरगी, आता टॉवेलवर आहे, भाताच्या डब्यावर आहे, एका बँकेच्या दारात तर माणसाएवढी उभी आहे. त्यातलं आमच्याकडे काही येत नाही. एकदा मी हौसेने तोवाचा टॉवेल घ्यायला गेले तर पूर्ण किंमत मोजावी लागली.

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला इबुसुकीनेच म्हटलं होतं की समितीत छोटा हिस्सा घ्या. मालकांनी तेवढे पैसे बाजूला काढूनही ठेवले होते. मग तिसऱ्या भागातला समुद्र तयार होऊन आला. संगणकावर केलेला, बरा होता, कुणाची तक्रार नव्हती. मालकांनी तो बघितला आणि दोन दिवस जेवले नाहीत. "हे पाणी ओलं नाही," म्हणाले. सगळा समुद्र पुन्हा हाताने काढायला लावला. हिश्श्याचे पैसे त्यात गेले. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही! लोकांनी त्या समुद्राचं कौतुक केलं, सात जणांची घरं भरली, आणि समितीत आमच्या बाबतीत एवढंच नोंदलं गेलं की हे लोक वेळ लावतात. गाणीवाल्यांनी गेल्या वर्षी एक स्टुडिओ विकतच घेतला होता. दुसरा सीझन तिकडे. घरातलं काम घरात.

निघताना इबुसुकी दारात घुटमळला. "मिनोबेसानने केलेली तोवाची सगळी चित्रं समितीला लागतील. नव्या लोकांना बघून काढायला."

"पाठवतो," मालक म्हणाले.

मिनोबेसान तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी. तोवा तिची. कपाळ, हनुवटी, हसताना डावा गाल आधी उचलला जातो ते, सगळं तिने शोधलेलं. ती आमची नोकर नाही. या धंद्यात बहुतेक जण नसतात, कामापुरते पैसे घेतात. पण ते टेबल वीस वर्षं तिचंच आहे आणि तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नाही. सांगायचं काम अर्थात माझ्यावर आलं.

"योकान?" तिने मान वर न करता विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"जिन्यात तुझे पाय जड वाजले. मोठा डबा?"

"सगळ्यात मोठा."

तिने पेन्सिल ठेवली. समोर तोवाच होती, पण एक वर्षाने मोठी झालेली. जबडा किंचित लांब, पहिल्या सीझनमध्ये कानांवर घसरणारी बापाची टोपी आता डोक्यावर नीट बसणारी. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरा सीझन येणार, तर आधीच तयारी करावी म्हणून फुकट बसून काढत होती बाई. मी मालकांवर हसायचं की हिच्यावर?

"हे समितीला पाठवायच्या खोक्यात घालू नका," मी म्हटलं. "हे त्यांनी मागितलं नाही, पैसे दिले नाहीत. हे तुमचं आहे."

मालक मागून जिना चढून आले होते. धाप लागली होती. "कागद तिचे," ते म्हणाले. "चेहरा समितीचा."

"म्हणजे मी घरी भिंतीवर लावू शकते?"

"घरी लाव."

"आणि भाचीला दिलं तर?"

"एकाच भाचीला दे."

ती हसली. मग तिने ते कागद पिशवीत घातले आणि बाकीची खोकी भरायला मला मदत केली. चिकटपट्टी तीच लावत होती, सरळ, एकही सुरकुती नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

 मग सोमवारी सगळ्यांना खाली बोलावून म्हणाले, "आता आपलं स्वतःचं करायचं. आपल्या मालकीचं." डोंगरात बस चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. त्यांची आत्या शिमाने प्रांतात अशी बस चालवायची. पैशांसाठी त्यांनी स्वतःची गाडी विकली. बायकोला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पुस्तकाच्या एका लहान कंपनीतली युनोकी नावाची बाई भेटली. तिला गोष्ट आवडली. तिची कंपनी आणि आमचा स्टुडिओ, दोघेच, अर्धा-अर्धा हिस्सा, आणि तसं लिहून द्यायला ती तयार होती. तिला भेटून परतताना मालकांचे कान आनंदाने लाल झाले होते. चाळीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही चित्र नव्हतं. आता होणार होतं. युनोकीचं म्हणणं एवढंच होतं की सही करण्याआधी बसवाल्या बाईचा चेहरा बघायचा.

चेहरा म्हणजे मिनोबेसान, दुसरं कोण?

ती खुशीत कामाला लागली. बसवाली तिशीतली, केस बारीक कापलेले, भुवया जाड, नाक बसकं. पहिलं चित्र तिने भिंतीला लावलं. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या दुकानातली म्हातारी जेवणाचे डबे घेऊन वर आली आणि म्हणाली, "अगंबाई, तोवा! केस कापले वाटतं?"

आम्ही हसलो. मिनोबेसानने नाक बदललं. मग रंगवणाऱ्यांपैकी एक जण आत डोकावून म्हणाला, "तोवाची आई का ही?" तिने जबडा चौकोनी केला, डोळे बारीक केले, वय वाढवलं, चष्मा घातला. चष्मेवाली तोवा झाली. एक दिवस ती डाव्या हाताने काढत बसली. संध्याकाळी मी विचारलं, "जमलं का?"

"जमलं ना," ती म्हणाली. "डाव्या हाताने काढलेली तोवा जमली."

पुढे कुणी हसेना. रोज तिच्या पायाशी चुरगळलेले कागद साठायचे आणि मी ते गोळा करायची. मला तिची दया येत होती आणि रागही येत होता. इतकी वर्षं काढतेस, एक वेगळा चेहरा निघू नये? पण तो तसा निघत नसतो. तोवाआधीची तिची जुनी चित्रं मी फडताळातून काढून बघितली. त्यांतही तोच गाल होता, डावा, आधी उचललेला. तोवा तिच्या हातात कधीपासूनच होती. समितीने घेतली तेव्हा हातासकट घेतली, इतकंच.

युनोकी आली ती बुधवारी दुपारी. मालकांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या खुणा दिसत होत्या. मिनोबेसान कोपऱ्यात मांडीवर हात ठेवून बसली. युनोकीने एकेक कागद सावकाश बघितला आणि शेवटचा खाली ठेवला.

"सुंदर आहेत," ती म्हणाली. "पण ही तोवा आहे, तोकुमारूसान."

"नाक वेगळं आहे," मालक म्हणाले.

"आहे. पण आमचा वकील एकदा बघेल आणि नको म्हणेल. त्या सात कंपन्यांशी आम्ही कुठून भांडणार? मला ही गोष्ट करायचीय, मनापासून करायचीय." तिने मिनोबेसानकडे न बघता विचारलं, "तुमच्याकडे चेहरे काढणारं आणखी कुणी आहे का?"

बाहेर रेल्वेच्या फाटकाची घंटा वाजत होती. मी मालकांकडे बघितलं. नाही म्हणा, मी मनात म्हणत होते, एकदा तरी नाही म्हणा. दोन दिवस जेवला नव्हतात ना तुम्ही, पाणी ओलं नाही म्हणून!

मालक टेबलाकडे बघत राहिले. शेवटी मिनोबेसानच बोलली. "आहे ना. सेगावा. हात चांगला आहे तिचा. माझ्यासारखा अजिबात नाही."

"सेगावाला बोलाव," मालक मला म्हणाले.

मी बोलावलं. सेगावा तिसऱ्या टेबलावरची, गेल्या वर्षी लागलेली. तिने उभ्या उभ्याच चार रेघा ओढल्या आणि कागदावर एक अनोळखी बाई आली. युनोकीच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. शुक्रवारी सह्या झाल्या. अर्धा हिस्सा, आमच्या नावावर, शिक्क्यासकट.

सह्या करून युनोकी गेल्यावर मी मालकांना जिन्यात गाठलं. "तुमच्यात आणि त्या समितीत फरक काय राहिला? तेही हेच म्हणाले होते, दुसरं कुणीतरी काढेल!"

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

"माहीत आहे म्हणजे काय?"

"माहीत आहे म्हणजे माहीत आहे, इसोगाई! हे हातचं गेलं असतं तर पुढच्या महिन्यात सगळेच घरी बसले असते, तीही." ते पायरीवर बसले आणि तोंडावर दोन्ही हात घेतले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. माझा राग तिथेच विझला आणि त्या जागी नुसता थकवा आला. 

महिन्याभराने मिनोबेसानला इबुसुकीचा फोन आला. मी शेजारीच उभी होते. नव्या स्टुडिओतल्या मुलांना तोवा जमत नव्हती. नाक जमे, केस जमत, हसली की भलतीच कुणीतरी होई. मिनोबेसान तिकडे येऊन बसतील का, नुसते चेहरे दुरुस्त करायला? नाव शेवटच्या मोठ्या यादीत कुठेतरी येईल.

"येते," ती म्हणाली. काही अटी नाहीत, काही नाही.

"तुम्ही वेड्या आहात का?" मी ओरडले. "ज्यांनी घेतली त्यांच्याच दारात जाऊन तिला सजवणार? निदान महाग तरी व्हा! निदान एक दिवस विचार करते म्हणा!"

ती टेबल आवरायला लागली. पेन्सिली, खोडरबरं, मनगटाला लावायच्या पट्ट्या. दिवा तिचा स्वतःचा होता, तो मी पिशवीत घातला आणि स्टेशनपर्यंत पोचवायला निघाले. मालक वरच राहिले, खाली आले नाहीत. फाटक बंद होतं. आम्ही बाकीच्या लोकांबरोबर उभ्या राहिलो. मी दिव्याची पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले.

"रागावू नकोस गं," ती म्हणाली. "इथे मी काहीही काढलं तरी ती चोरी होते. तिकडे निदान काम तरी होईल."

गाडी गेली, फाटक वर झालं. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि लोकांबरोबर रूळ ओलांडून पलीकडे गेली.