बाईंचा हात चारातच

गायनाच्या बाईंनी अकरा वर्षं शाळेचा गायनवृंद सांभाळला आणि अकरा वर्षांत एकदाही मुलांना अवघड गाणं दिलं नाही. दरवर्षी शाळाशाळांच्या गायनमेळाव्यात त्यांची सातवी-आठवीची मुलं एखादं गोड, दोन आवाजांचं गाणं म्हणत. सूर्य उगवायचा, पाखरं जागी व्हायची, शेवटी सगळे मिळून 'आनंद आनंद' म्हणायचे आणि संपलं. सहभागाचं प्रमाणपत्र मिळायचं. बाई म्हणायच्या, "पोरांचं वय काय, त्यांना झेपायला नको का?" यावर कोण काय बोलणार?

त्या वर्षी शाळेच्या पियानोवादक काकू लेकीकडे राहायला गेल्या आणि मुख्याध्यापकांनी त्यांच्या जागी ज्यांना बोलावलं, त्या निघाल्या बाईंच्या सख्ख्या नणंद. चाळीस वर्षं पियानो शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं असं, की समोरच्याने आधी खुर्ची शोधावी.

"वन्सं, तुम्ही कशाला त्रास घेताय?" बाईंनी शक्य तितक्या गोडीने विचारून पाहिलं.

"घरी बसून भिंतींना सूर शिकवण्यापेक्षा बरं," नणंद म्हणाल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी गायनवर्गातलं कपाट उघडलं.

गाणं निवडायचं होतं. बाईंनी वरच्या खणातून एक पातळ वही काढली. नणंदेने खालच्या खणात हात घातला आणि धुळीने दोनदा शिंकून पिवळ्या पडलेल्या पानांचा एक गठ्ठा टेबलावर आपटला. वाऱ्यावरचं गाणं होतं. चार आवाजांचं. सुरुवात सरळ चार मात्रांत, मग मधेच पाच, मग सात, आणि एक अख्खं पान पियानोशिवाय.

"अहो, हे मोठ्यांनाही जमणार नाही," बाई म्हणाल्या.

"जमेल. गाणं निवडताना सगळ्यांत खालच्या आवाजाची ओळ आधी वाचावी. वरच्या ओळीला काय, नेहमीच चाल मिळते. खालच्याला काही गाण्यासारखं असेल, तर गाणं चांगलं." नणंदेने चष्मा वर केला. "आणि एक सांग. ते दुसरं गाणं पोरांच्या गळ्याला सोपं म्हणून घेतेस, की तुझ्या हाताला?"

बाईंना हे लागलं. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. नवरा दातांचा डॉक्टर. दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात हुशार आणि स्वतःचं बंद ठेवण्यात त्याहून हुशार. "ताई तशी फटकळच आहे," एवढंच म्हणून तो हात धुवायला गेला, तो बराच वेळ धूतच राहिला.

मग बाईंनी एक युक्ती काढली. मुलांनाच निवडू द्यायचं. एकदा ती चार ओळींची पानं पोरांच्या हातात पडली, की आपोआप तोंडं उतरतील आणि वन्संचीही जिरेल.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सोपं गाणं स्वतः गाऊन दाखवलं, हसऱ्या चेहऱ्याने. अवघड गाण्याची पानं मात्र नुसती वाटली. "हे जरा कठीण आहे बरं का. मधे ताल बदलतो. पियानो थांबतो. एकाचं चुकलं तर सगळ्यांचं चुकतं."

मागच्या रांगेत आठवीतले सात मुलगे उभे असत. त्या वर्षी सगळ्यांचे आवाज फुटले होते. तोंड उघडलं की आत कोण आहे, ते त्यांचं त्यांनाच कळत नसे. बाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "तुम्ही नुसते ओठ हलवा." ते इमानेइतबारे वर्षभर ओठ हलवत होते.

नणंद त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "या गाण्यात तुमची वेगळी ओळ आहे. सूर फक्त चारच आहेत, तुमच्या गळ्यात आत्ता बसतील असे. पण ते चार सूर दुसरं कुणी गात नाही. तुम्ही थांबलात तर वरचे तिन्ही मजले खाली येतील."

सातही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातला सगळ्यांत उंच, ज्याला वर्गात 'शिडी' म्हणत, त्याने विचारलं, "म्हणजे खरंच गायचं? आवाज काढून?"

"त्याशिवाय कसं गातात?"

मतं घेतली. बाईंच्या गाण्याला दोन मतं पडली. त्यातलं एक तर एका मुलीने चुकून हात वर केला म्हणून.

तालमी सुरू झाल्या. पोरं कधी रडकुंडीला येतात याची बाई वाट पाहत होत्या. पण पाच मात्रा मोजायला मुलांनी मधल्या सुट्टीत आपलंच सूत्र काढलं: 'डबा उघडा'. दोन आणि तीन, पाच. सातासाठी त्यात एक शब्द वाढवला: 'डबा आधी उघडा'. आठवड्याभरात शाळेच्या जिन्यावरून पोरं त्या ठेक्यात उतरायला लागली. शिडीचा आवाज अधूनमधून मांजरासारखा फाटायचा, पण चार सुरांतले साडेतीन तो नेमके लावायचा.

गाडी अडली ती भलतीकडेच. बाई समोर उभ्या राहून हाताने ताल द्यायच्या आणि पाच मात्रांची जागा आली, की हात थांबवायच्या. "चुकलात. पुन्हा."

पुन्हा झालं. पुन्हा बाई थांबल्या. "अरे, लक्ष कुठे आहे तुमचं?"

तिसऱ्या वेळीही बाई तिथेच थांबल्या. नणंद पियानोवरची नसलेली धूळ पुसायला लागल्या. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका मुलीने अदबीने हात वर केला. "बाई, आम्ही 'उघडा'वर होतो. तुम्ही पुढचा 'डबा' सुरू केलात."

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. अकरा वर्षं त्यांचा हात खाली, आत, बाहेर, वर, असा चारातच फिरला होता. पाचवी मात्रा आली की तो आपला घरी निघायचा. त्यांनी मुलांना दहा मिनिटं आधीच सोडलं.

वर्ग रिकामा झाल्यावर त्या बाकावर बसल्या. "वन्सं, पोरांना जमतंय. मलाच येत नाही."

"माहितीये."

"कधीपासून?"

"तुझ्या लग्नापासून. टाळ्यासुद्धा चारातच वाजवतेस." मग जरा नरमून त्या म्हणाल्या, "अगं, येत नाही म्हणजे शिकली नाहीस, एवढंच. उद्यापासून शाळा सुटली की माझ्याकडे ये."

पुढचे तीन आठवडे बाई नणंदेच्या जेवणाच्या टेबलाशी विद्यार्थिनी होऊन बसल्या. नणंद चमच्याने डब्याच्या झाकणावर ठोके द्यायच्या आणि बाई हवेत हात फिरवायच्या. चुकलं की चमचा टेबलावर पडायचा. बाई रस्त्यानेही सराव करू लागल्या. एकदा थांबा नसतानाच एक बस करकचून थांबली. ड्रायव्हर दार उघडून म्हणाला, "चढा लवकर! किती जोरात हात करताय!" बाईंना कुठेही जायचं नव्हतं, पण त्याला वाईट वाटेल म्हणून त्या चढल्या आणि दोन थांबे पुढे जाऊन चालत परत आल्या.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. बाईंनी हात उचलला. चार मात्रा गेल्या. पाच आल्या, त्याही गेल्या. पियानो थांबला, मुलं एकटी गायला लागली, आणि सात मात्रांच्या त्या वळणावर बाईंचा हात आपसूक वळला. मागच्या रांगेतून सात मुलग्यांचे चार सूर असे घट्ट येत होते, की बाईंना क्षणभर वाटलं, यांना आपण वर्षभर गप्प ठेवलं? पण मोजणं चुकलं नाही.

पान संपलं. आता पियानो यायला हवा होता. बाईंनी नणंदेला इशारा केला. नणंद मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. बाईंनी डोळे मोठे केले. नणंदेने मान ठामपणे हलवली, नाही. शेवटचं पान मुलांनी तसंच, पियानोशिवाय गाऊन टाकलं.

टाळ्या थांबायच्या आत बाई पियानोपाशी पोचल्या. "वन्सं! झोपलात की काय?"

"हळू बोल. पोरं गाता गाता अर्धा सूर खाली उतरली होती. सगळी एकदम, अगदी एकजुटीने. मी पियानो वाजवला असता तर दोन वेगळी गाणी ऐकू आली असती."

"मग आता?"

"आता गप्प बसायचं आणि हसायचं."

नऊ शाळांत त्यांचा तिसरा नंबर आला. मुख्य परीक्षकांनी भाषणात खास उल्लेख केला, "शेवटचं पान साथीशिवाय गाण्याचा निर्णय अतिशय धाडसी होता. संयोजनामागे खोल विचार दिसतो." नणंदेने नम्रपणे मान झुकवली. बाईंना इतकं हसू आलं, की त्यांना उचकी लागली आणि शिडीला पाणी आणायला धावावं लागलं.

परतीच्या बसमध्ये प्रमाणपत्र हातोहात फिरलं आणि मागच्या सीटपर्यंत जाऊन चुरगळून परत आलं. बाईंनी ते मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केलं. शेजारी नणंद खिडकीला डोकं टेकून घोरत होत्या, आणि मागे सात मुलगे आपले चार सूर खरोखर चार होते की साडेतीन यावर तावातावाने भांडत होते.