सिस्टरची पाळी

खोलीत फिनेलचा, घामाचा आणि कुणाच्या तरी कालच्या उलटीचा असा मिळून एकच वास होता. तो सिस्टरच्या घशात जाऊन बसायचा. बावीस वर्षं वॉर्डात घाण उपसली, पण इतकी किळस तिला कधी आली नव्हती. तिथली घाण दुसऱ्यांची होती.

व्यसन सोडवायच्या या गटात सहा बायका होत्या. शेजारची मावशी दारूपायी थरथरायची आणि बाहीला नाक पुसायची. समोरची पार्लरवाली झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेलेली. नखं कुरतडून तुकडे खाली थुंकायची.

समुपदेशक बाईंनी प्रत्येकीच्या मुठीत बर्फाचा खडा ठेवला. "सोडायचा नाही. दुखेल, नको नको होईल. मन आरडाओरडा करेल, करू दे. पळायचं नाही, एवढंच शिकायचंय."

"बर्फ दिलात, आता ग्लासही द्या की," मावशी म्हणाली. सगळ्या खिदळल्या. सिस्टरला तिचे पिवळे दात बघवेनात.

"सिस्टर, आज तुम्ही बोला. तीन आठवडे मिठाची गुळणी धरून बसलाय," बाई म्हणाल्या.

सिस्टरने घसा खाकरला. "मी पेशंटची दुखण्यावरची इंजेक्शनं चोरायचे. स्वतःला टोचायचे आणि त्यांच्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. ते ओरडायचे. मी म्हणायचे, जरा सहन करा, एवढं काय त्यात."

पार्लरवालीचं बोट तोंडातच राहिलं. "कुठल्या वॉर्डात?"

"कॅन्सरच्या."

"माझी आई कॅन्सरनेच गेली. आठ दिवस तळमळत होती. आम्ही आपले म्हणतोय, औषध लागू कसं पडत नाही!" ती उठली. "तिथे तुम्ही होतात की दुसरी कुणी, देव जाणे. पण शी! तुमच्याकडे बघून मळमळतंय मला."

तिने खुर्ची फरफटत भिंतीशी नेली. मग मावशीनेही आपली खुर्ची वीतभर सरकवली. ते सिस्टरला जास्त झोंबलं. जिच्या वासाने आपण नाक मुरडायचो, तिलाही आपली शिसारी यावी!

अंगावर झुरळं फिरावीत तशी तिची कातडी शहारली. खालीच औषधांचं दुकान होतं, आणि तिथल्या माणसाला कसं गुंडाळायचं ते तिला ठाऊक होतं. ती उठली.

बाईंनी अडवलं नाही. "अजून वीस मिनिटं आहेत," एवढंच म्हणाल्या.

सिस्टर बसली. वीस मिनिटं कुणी तिच्याशी बोललं नाही. किळस तसूभरही कमी झाली नाही. फक्त किळसेने जीव जात नाही, एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी ती मेट्रनकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मेट्रनने ऐकता ऐकता चहाचा कप दूर सारला आणि फोन उचलला. नोकरी गेली, मग खटला उभा राहिला.

गटात तिने सुनावणीची तारीख सांगितली. पार्लरवाली महिन्याभरात पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"मी येणार आहे कोर्टात. तुमच्या बाजूने नाही."

"या," सिस्टर म्हणाली.