भिंतीवरची चार भोकं

सोमवार, सकाळचे पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदराजवळचा मासे कापण्याचा कारखाना, कपडे बदलायच्या खोलीचं आतलं दार. मी तिथलं हजेरीचं घड्याळ बोलतंय.

एकोणीस वर्षं मी या खोलीच्या बाहेर होतं. बायका येत, कार्ड माझ्या तोंडात घालत, मी वेळेचा ठप्पा मारी. मग त्या गमबूट, एप्रन चढवत. त्या सोमवारी मी आतल्या बाजूला टांगलेलं होतं. आता आधी कपडे, मग ठप्पा. रोजची बारा मिनिटं बिनपगारी.

"जॅनिस, हे घड्याळ चालत आलं का गं इकडे?" डोरीन ब्लँचर्डने विचारलं. चोवीस वर्षं ती इथे हॅडॉक मासे कापत होती.

"त्याला तरी पाय फुटले. आपण अजून इथेच!"

सगळ्या हसल्या. तक्रार एकट्या डोरीनने केली.

सरकारी समेट अधिकारी फोनवरच बोलत. एकदा तिच्याशी, एकदा मॅनेजर टास्करशी. समोरासमोर कोणी नाही. डोरीन सुट्टीत माझ्याखाली उभी राहून बोले, कारण तिच्या टेबलाशी आता कोणी बसत नसे.

"कंपनीचे चारशे पौंड घ्यायचे आणि तोंड शिवून घ्यायचं? नाही हो. घड्याळ हलवलं, एवढं त्यांनी लिहून द्यावं."

त्यांनी दिलं नाही. समेट फिसकटला, दावा कामगार न्यायाधिकरणात गेला.

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं. टास्करने शपथेवर सांगितलं, घड्याळ पहिल्यापासून आतच आहे. डोरीनने बाहेरच्या भिंतीचा फोटो दाखवला, त्यात चार भोकं. कंपनीचा वकील म्हणाला, तिथे सूचनाफलक होता. न्यायाधीशांनी विचारलं, आणखी कोणी पाहिलंय? जॅनिस येणार होती. आली नाही. दावा फेटाळला.

"आजारी होतीस?" दुसऱ्या दिवशी डोरीनने विचारलं.

जॅनिसने कार्ड माझ्या फटीत घातलं. "घराचे हप्ते आहेत गं माझे."

"आणि मी तंबूत राहते?"

महिन्याभरात डोरीन नोकरी सोडून गेली. मग बोटाचे ठसे घेणारं यंत्र आलं. मी कोठारात, मिठाच्या पोत्यांमागे, बंद पडून आहे.

माझ्या पाठीला चार भोकं आहेत. बाहेरच्या भिंतीवरही चार आहेत, आता रंगाखाली. माझी पाठ कोणीही तिथे लावून पाहिली नाही. आणि मला तिथून कोणाच्या हुकमावरून काढलं, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.