एवेलियोच्या छातीवरचं लाल फूल

सतरा वर्षांनी दोमितिला गावात उतरली, तीही काही स्वखुशीने नाही. उत्तरेकडच्या परक्या देशातल्या पोलिसांनी विमानात कोंबून परत धाडलं होतं. आणि दिवस कोणता, तर मे महिन्यातला मातृदिनाचा रविवार!

चर्चच्या दारात चेंचा फुलांच्या दोन टोपल्या घेऊन बसली होती. एका बाकावर शिकलेली मैत्रीण, पण तिने ओळखलं नाही.

"आई आहे की गेली, बाई? असेल तर लाल, गेली असेल तर पांढरं. पटकन सांगा, मिस्साची प्रार्थना सुरू होतेय."

आता काय सांगणार, कपाळ! आठ वर्षांच्या लेकाला, एवेलियोला, आपल्या आईच्या हवाली करून, "दोन वर्षांत येते" म्हणून ही उत्तरेकडे कमवायला गेली. तिकडे एका माणसाच्या नादी लागली. त्याला हिचे घरचे फोन खपेनात. आधी फोन थांबले, मग लाज वाटू लागली, मग लाजेचीही सवय झाली. म्हातारी आहे की नाही, हिला कुठून ठाऊक असणार?

"लाल द्या," ती म्हणाली.

मागच्या बाकावर बसून तिने मनाशी ठरवलं. एवेलियोच्या छातीवर लाल फूल दिसलं तर पुढे जायचं, त्याचे पाय धरायचे. पांढरं दिसलं तर आल्या बसने परत.

तो आला. चालणं हुबेहूब बापाचं. आणि सदऱ्यावर लाल फूल! दोमितिलाच्या डोळ्यांना धार लागली. माझं लेकरू, अजून वाट बघतंय! ती उठलीच.

तेवढ्यात एवेलियोने पहिल्या बाकावरच्या म्हातारीचा हात कपाळाला लावला आणि म्हणाला, "आई, शाल नीट घे गं. गार वारा सुटलाय."

म्हातारी जिवंत होती. आनंद व्हायला हवा होता, पण लेकाने 'आई' म्हटलं होतं ते तिला. दोमितिला परत बाकावर बसली.

पाद्री देवाघरी गेलेल्या आयांची यादी वाचू लागले. चेंचा येऊन शेजारी टेकली होती. सातवं नाव आलं, "दोमितिला ओरेयाना."

"त्यांना शांती लाभो," सगळे म्हणाले. एवेलियोचा आवाज सगळ्यांत वर होता.

"बिचारी परत येताना सीमेवरच्या वाळवंटात मेली म्हणे," चेंचा कुजबुजली. "पोरगं दरवर्षी आठवणीने नाव देतं. आजीलाच आई म्हणतो आता. बरं झालं बाई, किती वर्षं वाट बघणार? रोज बसथांब्यावर जाऊन उभा राहायचा."

"कधीपर्यंत?"

"मिसरूड फुटेपर्यंत. तुम्ही कुणाच्या?"

"मी परगावची," दोमितिला म्हणाली. "परतीची बस किती वाजता?"