धनश्रीचे पाच ते सहा

"तू कर ना, तुला कोण अडवतं?" असं म्हणायचं आणि रोज अडवायचं, ही कला आपल्या बहुतेक घरांना येते. सौंसरच्या धनश्रीच्या घरात ती तिघांना येत होती. नवऱ्याला, सासूला आणि आठवीतल्या लेकीला. शाळेतले हेडसर चौथे, ते वरकड धरा.

धनश्री मोहगावच्या सरकारी शाळेत शिकवते. सकाळी घरचं आवरून बस धरायची, दिवसभर पोरांपुढे घसा फोडायचा, परत आल्यावर पुन्हा तोच ओटा. बाई, तुला काय आवडतं, असं कोणी विचारलं असतं तर तिला आठवायलाच वेळ लागला असता. पण त्या सोमवारी शकुंतलाबाईंचा फोन आला. या तिच्या लहानपणच्या पीटीच्या बाई, आता रिटायर झालेल्या. रविवारी पांढुर्ण्याला शिक्षिकांचे खो-खोचे सामने होते आणि सौंसरची टीम बाई बांधत होत्या.

"रोज संध्याकाळी पाच ते सहा ग्राउंडवर येजो," बाई म्हणाल्या. "खांबापासून तुह्यासारखी वळनारी दुसरी नाही माह्याजवळ."

लग्नाआधी धनश्री जिल्ह्याच्या टीममध्ये होती. घरात कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. तिनं जेवताना विषय काढला. रोज एक तास मला पाहिजे, म्हणाली.

"खेळ ना. कोन नाही म्हनते?" नवरा तुषार म्हणाला. तो सरकारी कार्यालयात बाबू आहे.

"हो व माय, जात जा," सासू उर्मिलाबाई म्हणाल्या. लेक मानसीनं तर टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी शाळा सुटता सुटता हेडसरांनी गाठलं. "एवढी ऑनलाइन माहिती भरून द्या मॅडम, तुमचा हात लवकर चालते." हात लवकर चालतो याची ही शिक्षा! नेहमीची बस गेली. ती घरी पोचली तेव्हा अंधारून आलं होतं. मानसीचा तक्ता रंगवायचा होता आणि सासूबाईंच्या गुडघ्याला तेल चोळायचं होतं.

बुधवारी ती बूट घालून दारात उभी होती, तेवढ्यात तुषार ऑफिसातल्या विनायक आणि सौरभला घेऊन आला. "धनश्री, चहा टाक. आन् पाटोडीचा रस्सा होऊन जाऊ दे, हे जेवूनच जातीन." बूट निघाले. बेसन कालवलं गेलं. पाटोड्या कापताना तिला बैठकीतलं बोलणं ऐकू आलं. वहिनी कुठे निघाल्या होत्या, असं सौरभ विचारत होता.

तुषार हसला. "खो-खो खेळाले. या वयात. करन का, घरी कामच का आहे तिले?"

धनश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं तिघांना हसत रस्सा वाढला, दुसऱ्यांदा घ्या म्हणून आग्रहही केला. आणि या माणसाला आता सोडायचं नाही, हे वाढता वाढताच ठरवून टाकलं.

गुरुवारी तुषारची पांढुर्ण्याला मोठ्या साहेबांसमोर बैठक होती. तुषारचा गजर म्हणजे धनश्री. ती दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा पांघरूण ओढते, तेव्हा कुठे स्वारी उठते. त्या दिवशी तिनं हाकच मारली नाही. त्यात एकादशी. सासूबाईंचा साबुदाणा तिनं आदल्या रात्री भिजवलाच नव्हता. ती आपली नीटनेटकी साडी नेसून बसला निघून गेली.

शाळेत तिचा फोन वाजत राहिला आणि तिनं तो टेबलावर पालथा घालून ठेवला. तुषार बैठकीत अर्ध्यातून घुसला आणि साहेबांनी त्याला चारचौघांत झापलं, ही बातमी फिरत फिरत दुपारपर्यंत तिच्याकडे पोचली. मी खोटं कशाला सांगू, तिला फार गोड वाटलं. मलाही वाटलं. मधल्या सुट्टीत ती डबा खाताना एकटीच हसली.

चारनंतर ती घरी आली आणि पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसली. तुषारचं उतरलेलं तोंड तिला दारातच पाहायचं होतं. काय बोलायचं तेही घोकून ठेवलं होतं. "काऊन, झोप झाली का बरोबर?" उद्या त्याचे सफेद शर्ट धुवायला कसे विसरायचे, सोमवारी हेडसरांना कसं लटकवायचं, सगळं ती एकेक करून जुळवत होती. पाच वाजले, पुढे साडेपाच झाले. फाटक वाजलं. पण आल्या त्या गळ्यात शिट्टी अडकवलेल्या शकुंतलाबाई.

"आज कोनं थांबवलं तुले?" बाईंनी स्कूटीवरूनच विचारलं.

"कोनी नाही."

"मंग?"

धनश्रीनं मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. बुधवारचा रस्सा, न मारलेली हाक, साबुदाणा. बाई शाबासकी देतील असं तिला वाटत होतं. बाई काही हसल्या नाहीत.

"दोन दिवस तुह्या घरच्याईनं आन् हेडसरनं खाल्ले. आजचा तू सोता त्याईले देला."

"देला कुठं? मी त बदला घेऊन राहिली बाई."

"कोनाच्या टाइमात?"

धनश्रीनं दाराशी पडलेल्या बुटांकडे पाहिलं.

"आन् नवऱ्याले माहीत हाये का, तू काऊन उठवलं नाही ते?"

"समजन त्याले."

"कसं समजन? त्याले वाटलं असन बायको विसरली. सासूले वाटलं असन सून आळसली." बाई आता स्कूटीवरून उतरल्या. "खो मुक्यानं देता येते का व? नुसता पाठीले हात लावला त पंच फाऊल देते. समोरच्याले ऐकू जाईन असा म्हना लागते, तवाच तो उठते. हे का मी तुले आज शिकवून राहिली? राग सोड म्हनत नाही मी. ठेव राग. पन तोंडानं बोल, आन् बोलून झालं का पाहात बसू नको, ग्राउंडवर ये. उद्या नाही दिसली त तुही जागा करुणाले देईन."

बाई निघून गेल्या. धनश्री तिथेच बसली. अरे देवा, खरंच की! आज तिला कोणीही अडवलं नव्हतं. बूट दाराशी होते, ग्राउंड चार पावलांवर होतं, आणि ती नवऱ्याच्या तोंडाची वाट पाहत बसली होती. तिला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता. तुषार रात्री उशिरा परतला, तेव्हा ती झोपून गेली होती.

शुक्रवारी ती शाळेत हेडसरांपुढे उभी राहिली. "सर, माहिती शाळेच्या वेळात भरीन. सुटल्यावर थांबनार नाही." सर म्हणाले, "बरं मॅडम." बास. एवढंच बोलायला तिला इतकी वर्षं लागली होती.

घरी येऊन ती सासूबाईंजवळ बसली. "आई, कालचा साबुदाना मी मुद्दाम नाही भिजवला. राग तुमच्या पोरावर होता, उपास तुम्हाले पडला. ते चुकलं माहं. पन पाच ते सहा मी घरी राहनार नाही."

उर्मिलाबाई म्हणाल्या, "मले भिजवता येते व साबुदाना. तूच कोनाले ओट्याले हात लावू देत नाहीस." हेही खरंच होतं.

तेवढ्यात तुषार आला. मागे विनायक आणि सौरभ. "चहा टाक व धनश्री," तो चपला काढता काढता म्हणाला.

ती बूट घालून बैठकीच्या मधोमध उभी राहिली. "परवा तुमी या दोघाईसमोर म्हनलं, घरी कामच का आहे तिले. मी आतून ऐकलं. म्हनून काल तुम्हाले उठवलं नाही. विसरली नव्हती मी. आज काहीच करून ठेवलं नाही. सामान ओट्यावर आहे. मी खेळाले चालली."

विनायक उठला. "वहिनी, आमी निघतो."

"बसा भाऊजी. सामान तिघाईले पुरन एवढं आहे. कांदे कापू लागा ह्याईले."

तुषारचं तोंड आत्ता उतरलं. काल जे पाहायला ती तासभर बसली होती ते आज फुकट मिळालं, पण बघत राहायला तिला सवड नव्हती. ती फाटकापर्यंत पोचली तर तो मागून आला. "धनश्री, चुकलं माहं. माफ कर."

"इथं नका म्हनू. जिथं बोलले तिथं म्हना."

तो परत आत गेला, ती उंबऱ्यापर्यंत आली. "विनायक, सौरभ," तुषार म्हणाला, "परवा मी धनश्रीबद्दल जे बोललो, ते..." आणि अडखळला.

धनश्रीनं घड्याळ पाहिलं. "तुमी बोला त्याईच्याजवळ. बाकीचं मी आल्यावर ऐकीन," म्हणाली आणि निघाली.

रविवारी पांढुर्ण्याच्या मैदानावर सौंसरकडून खेळणाऱ्या नऊ जणींत ती होती. दुपारी तुषारचे फोन येऊन गेले. ते तिनं खेळ संपल्यावर पाहिले.

मंडळी, घरातल्या बाईला "कोण अडवतं" असं विचारण्याआधी तिच्या हातातलं एक काम आपल्या हातात घ्या. आणि बायांनो, तुमचा राग रास्त असेल तर तो घरच्यांना ऐकू जाईल असा सांगा आणि आपल्या वाटेनं निघा. सूड घ्यायलाही वेळ लागतो, आणि तो आपल्याच तासातून जातो.