वाकलेली खुंटी

पुढच्या डाव्या चाकामागच्या रबरी टोपीला तीन चिरा होत्या. सर्वांत लांब चीर अकरा मिलिमीटर. मी पोलादी पट्टी लावून ती मोजली तेव्हा बाबा हसले.

"अगं, फाटलंय एवढं पुरे की. मोजून काय शिवायचंय?"

टोपीखाली बॉल जॉइंट होता. आपल्या खांद्यासारखीच रचना : वाटीत फिरणारा गोळा आणि गोळ्याला जोडलेली निमुळती खुंटी. ही खुंटी चाक धरणाऱ्या लोखंडातल्या तशाच निमुळत्या भोकात घट्ट बसते. बरकतपुऱ्यातल्या आमच्या फाटकाशी, रविवारी सकाळी, मेकॅनिक खादरमियांनी गाडी उचलून खाली ठोकळे लावले होते, चाक काढलं होतं, आणि ती खुंटी काही केल्या सुटत नव्हती.

"सगळे रस्ते खोदून ठेवलेत," बाबा म्हणाले. "टीव्हीची केबल, फोनची केबल. खड्ड्यांनी गाडीची वाट लावली."

बाबांनी चाळीस वर्षं वकिली केली. आता वय चौऱ्याहत्तर. माझे यजमान नोकरीनिमित्त विशाखापट्टणमला असतात आणि मी शिकवते ते जामबागेतलं कॉलेज साडेसातला सुरू होतं, म्हणून तन्वीला, माझ्या मुलीला, शाळेत बाबाच गाडीने सोडतात. त्यांनी गाडी चालवणं बंद करावं असं मला वर्षभर वाटत होतं. समोरून येणाऱ्या शेजारच्या कमलताईंना ते हल्ली आवाज ऐकल्यावरच ओळखत. पण मी काही म्हटलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न केला असता, पुरावा काय? पुरावा नाही म्हणून मी गप्प होते. निदान स्वतःला तसं सांगत होते.

"वरून एक सणसणीत ठोका दे, खादर. सुटेल."

"नक्को साब. ऊपर मारे तो चूडी खराब." चूडी म्हणजे नटाचे आटे. "ये गवाह नै वकीलसाब, धमकाए तो खुलता नै."

"चाळीस वर्षं गवाह उघडलेत मी."

"हौ, और सब के सब झूठ बोले."

बाबा मनापासून हसले आणि खुर्ची ओढून वर्तमानपत्र घेऊन बसले.

खादरमियांनी नट सैल केला, पण काढला नाही. सांधा एकदम सुटून अंगावर येऊ नये म्हणून तो शेवटच्या आट्यांवर राहू दिला. मग मला म्हणाले, "टीचरम्मा, ये हतोडा उधर से टेका के पकडते क्या? हिलाना नक्को."

भोकाच्या एका बाजूला मी जड हातोडा टेकवून धरला. दुसऱ्या बाजूने ते मारणार होते.

"खुंटी सोडून भोकाला का मारता?"

"उसकू चौंकाना पडता."

दचकवायचं! प्रयोगशाळेत बाटलीचं काचेचं बूच अडकलं की आम्ही ते ओढत नाही. बाटलीच्या मानेवर बाजूने लाकडाने हलकेच टकटक करतो. इथेही तेच असावं : ठोका बसताच गोल भोक क्षणभर लंबगोल होत असेल आणि तेवढ्यात पकड सुटत असेल. मी ठोके मोजू लागले. सहाव्याला माझ्या मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. नवव्याला खणकन आवाज झाला आणि सांधा बोटभर खाली आला. मला उगीचच फार आनंद झाला.

नवा बॉल जॉइंट खादरमियांनी कालच राणीगंजहून आणला होता. पूर्वी असा सुटा भाग मुंबईहून यायला महिना लागे. आता तीन-तीन कंपन्यांचे दुकानात तयार असतात. जुना आणि नवा मी शेजारी ठेवले. नव्याच्या खुंटीला पट्टी लावली, ती सरळ टेकली. जुन्याच्या खुंटीला लावली, तर मधून उजेड दिसला. दुसऱ्या बाजूने लावून पाहिली. खुंटी वाकलेली होती.

"खादरमिया, खड्ड्यांनी एवढं पोलाद वाकतं का?"

त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग हात पुसत म्हणाले, "चाय मिलती क्या, टीचरम्मा?"

मी गाडीखाली वाकले. चाक तोलून धरणाऱ्या दांड्याच्या खालच्या कडेला खोक पडली होती, तिच्यात पिवळा रंग अडकला होता आणि खरवडलेलं लोखंड अजून चकाकत होतं. ऑगस्टच्या दमट हवेत उघडं लोखंड दोन-तीन दिवसांत तांबूस होतं. म्हणजे हे शुक्रवारच्या आधीचं नव्हतं. शुक्रवारी तन्वीच्या डब्यातली आमटी सगळ्या दप्तरात सांडली होती. झाकण नीट लावलं नाही म्हणून मी तिलाच रागावले होते.

"बाबा, शुक्रवारी गाडी कुठे लागली?"

वर्तमानपत्र हललं नाही. "काचीगुड्याच्या वळणावर. दुभाजकाला. नवाच बांधलाय तो."

"पिवळा रंग दिलाय ना त्याला?"

"असेल."

"तन्वी काही बोलली नाही."

"मीच तिला सांगितलं, आईला सांगू नकोस." त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, ती पुन्हा उलगडली. "तिला काही लागलं नाही गं. मी नीट पाहिलं."

मग ते खादरमियांकडे वळले. आवाज पुन्हा कोर्टातला झाला. "उद्या सकाळी आठला गाडी हवी. पोरीची शाळा आहे."

खादरमिया नवा जॉइंट हातात धरून माझ्याकडे बघत उभे राहिले.

"गाडी तयार होईल, बाबा," मी म्हटलं. "पण ती तुम्ही चालवणार नाही. उद्या नाही आणि यापुढे कधीच नाही."