उम्म हैसमची साक्ष

“पडदा बाजूला कर, नाहीतर मी चालले घरी,” म्हातारी म्हणाली.

बगदादच्या त्या कोर्टात साक्षीदारांना पडद्याआड बसवणं हे माझं काम. आवाज यंत्रातून बदलायचा, नावाऐवजी अक्षर द्यायचं. हिचं अक्षर ‘ज’.

“मावशी, त्या हुकूमशहाची माणसं अजून मोकाट आहेत. तुमच्या जिवासाठीच आहे हे.”

“पंचाहत्तरीला काय जाळायचाय जीव? लोक काय म्हणतात ते ऐकलंस ना? पडद्यामागे अमेरिकनांनी भाड्याच्या नट्या बसवल्यात म्हणे!”

ऐकलं नसेल कसं? आमच्या चहाखान्यात शाकिर न्हावी रोज तेच बडबडायचा. “तो हरामखोर होताच. पण परक्यांचं सैन्य, परक्यांचं कोर्ट! हा खटला नाही, तमाशा आहे.” मी मान खाली घालून चहा प्यायचो. माझी तरी खात्री कुठे होती?

पडदा मीच बाजूला सारला. नोकरी गेली तर गेली!

समोर आरोपीच्या पिंजऱ्यात तो बसला होता, कडक इस्त्रीच्या कोटात. म्हातारीने त्याच्यावर डोळे रोखले.

“साक्षीदार ‘ज’,” न्यायाधीशांनी सुरुवात केली.

“कोण ‘ज’? मी उम्म हैसम, हैसमची आई. आपल्यात बाईला लेकाच्या नावाने हाक मारतात, हे मी सांगायचं तुम्हाला? सतरा वर्षांचं पोर ह्याने शाळेतून उचलून मारलं. प्रेत नाही दिलं. मेलेल्यासाठी फातिहाची प्रार्थना पढायची नाही, रडायचं नाही, असा हुकूम! बावीस वर्षं झाली. आता तुम्हीही त्याचं नाव पुसणार? मग ह्याच्यात नि तुमच्यात फरक काय?”

न्यायाधीशांनी तिला पुढे बोलायला सांगितलं.

संध्याकाळी चहाखान्यात टीव्हीवर तीच साक्ष लागली. नाव आलं तिथे नेमका आवाज कापलेला. माझं डोकंच फिरलं.

“नटी बरी मिळवलीय,” कुणीतरी खिदळलं.

“गप रे गाढवा!” शाकिर टीव्हीपाशी गेला. “ओठ बघ तिचे. हैसम म्हणतेय ती. नट्या अशा बोलतात होय?” मग आमच्याकडे वळून म्हणाला, “कोर्ट परक्यांचंच आहे, मी अजून तेच म्हणतो. पण बाई आपली आहे. उठा सगळे. हैसमसाठी, अल्-फातिहा.”

खुर्च्या सरकल्या. बावीस वर्षांनी त्या पोरासाठी भर चहाखान्यात तीसेक माणसांनी हात पसरले.